नवा १४४०पी मॉनिटर, जुनं कार्ड आणि धुरकट गेम: सिडकोतलं एक प्रकरण

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला नाशिकच्या सिडकोत, पीसी मित्रांनी मिळून घरीच जुळवलेला आणि त्यात सेकंडहँड घेतलेलं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं. हे कार्ड २०१६ चं, पण १०८०पी ला, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या) चित्राला, अजूनही मान टाकत नाही. इतकी वर्षं ते साडेएकवीस इंची १०८०पी मॉनिटरला जोडलेलं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. दिवाळीत ताई-दाजींनी त्याला एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून नवा मॉनिटर घेऊन दिला, सत्तावीस इंच, २५६० × १४४०, १६५ हर्ट्झ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कंपनीचा ह्यात काही संबंधच नाही, कुठलाही घेतला असता तरी हीच गोष्ट घडली असती.

तक्रार फोनवर आली ती अशी: "मामा, नवीन मॉनिटर जुन्यापेक्षा घाण दिसतोय. सगळं पुसट पुसट. पीस खराब आलाय वाटतं."

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं की कार्ड बदला. दाजी अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, त्यांचं गणित सरळ, एवढे पैसे मोजून वस्तू नीट चालत नसेल तर परत करून टाका, आणि परत करायची मुदत संपत आलेली. म्हणजे मला ठरवायचं होतं ते एवढंच की पीस खरंच खराब आहे का, आणि नसेल तर मग हे दिसतंय ते काय.

भाच्याने व्हॉट्सॲपवर गेमचे स्क्रीनशॉट पाठवले होते, त्यात सगळं चकाचक. त्याच्या मित्राने पण तेच म्हटलं, मस्त तर दिसतंय की. हा पहिला धागा. स्क्रीनशॉट घेतला जातो कार्डाच्या मेमरीत तयार झालेल्या चित्राचा, आणि चित्र ताणून मोठं करायचं काम त्याच्यानंतर होतं, मॉनिटरच्या आत किंवा कार्डातून सिग्नल बाहेर पडताना. त्यामुळे १०८०पी वर गेम चालू असेल तर स्क्रीनशॉट बरोबर १९२० × १०८० चा येतो, एकदम कोरा करकरीत, आणि समोर स्क्रीनवर मात्र धुरळा. म्हणजे स्क्रीनशॉट चांगला आणि स्क्रीन वाईट असं असेल तर गेमवर संशय घ्यायचं कारणच उरत नाही. दाखवायचंच असेल तर मोबाईल काचेजवळ नेऊन फोटो काढायचा.

घरी जाऊन बघितलं तर एकात एक तीन भानगडी होत्या, आणि तिन्ही मिळून त्याला "मॉनिटर घाण" असं वाटत होतं.

झालं असं होतं. मॉनिटर लावल्या लावल्या विंडोज आपोआप १४४०पी वर आलं, अक्षरं बारीक दिसायला लागली, जीटीए हा गेम लावला तर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, धापकन खाली. साहजिक आहे, १०८०पी म्हणजे सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार पिक्सेल आणि १४४०पी म्हणजे छत्तीस लाख शहाऐंशी हजार, जवळजवळ १.७८ पट, तेवढं काम त्या बिचाऱ्या १०६० ने कुठून करायचं. मग ह्याने काय केलं, दोन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून अख्खा विंडोजच १०८०पी वर आणून ठेवला. अक्षरं मोठी झाली, फ्रेम परत आल्या, आणि सगळं धुरकट झालं. ते धुरकटपण नव्या मॉनिटरच्या नावावर जमा झालं.

पीस खराब आहे का हे बघायला फार काही लागत नाही. डेस्कटॉप परत २५६० × १४४० केला, नोटपॅड उघडलं, अक्षरं बारीक पण सुरीने कापल्यासारखी. झालं, पॅनेल ठणठणीत. पण भाच्याचं समाधान होईना, म्हणाला हे डेस्कटॉपचं झालं, गेमचं काय. मग एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये गेलो, डेस्कटॉपचा आकार आणि जागा ठरवायचं जे पान असतं तिथे स्केलिंग, म्हणजे चित्र ताणणं, 'नो स्केलिंग' वर टाकलं, स्केलिंग कोण करणार तिथे डिस्प्लेच्या जागी जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, निवडलं, आणि गेम १०८०पी वर चालू केला. आता चित्र स्क्रीनच्या मधोमध आलं, चारी बाजूंनी काळं, आणि मधलं चित्र एकदम लख्ख. गेमचा एक पिक्सेल म्हणजे काचेवरचा एक पिक्सेल. सत्तावीस इंचाच्या तीन चतुर्थांश म्हणजे सव्वावीस इंचाचं चित्र, जवळपास त्याच्या जुन्या मॉनिटरएवढंच. तोच गेम, तेच कार्ड, तीच केबल, तोच मॉनिटर, फक्त ताणणं बंद केलं आणि धूर गायब.

"मग हे असंच ठेवू का?" मी विचारलं, तर भाचेसाहेब म्हणतात, "एवढे पैसे देऊन काळ्या पट्ट्या बघू का मामा?" तेही बरोबरच आहे. पण निदान झालं होतं, मॉनिटर परत करायचा विषय तिथेच संपला, हे दाजींना लगेच सांगून टाकलं.

आता ताणल्यावर बिघडतं ते नेमकं का, हे थोडं खोलात जाऊन लिहितो कारण लोक इथे "लो रिझोल्युशन म्हणजे ब्लर" एवढ्यावर थांबतात आणि ते अर्धवट आहे. जुन्या मॉनिटरवर १०८०पी होतंच की, ते कुठे ब्लर होतं.

ज्यांनी सीआरटीचे, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचे, डबे वापरलेत त्यांना आठवत असेल, ८०० × ६०० लावा नाहीतर १०२४ × ७६८ लावा, दोन्ही ठीकच दिसायचं. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर रेघा ओढत जायचा, रेघा किती ओढायच्या हे सिग्नल ठरवायचा, त्यामुळे हेच एक रिझोल्युशन खरं आणि बाकी उसनी असा प्रकार नव्हता. एलसीडीमध्ये काचेवर पिक्सेल कायमचे बसवलेले, ह्या मॉनिटरवर आडवे २५६० आणि उभे १४४०, ना एक कमी ना एक जास्त. बाहेरून १९२० × १०८० आलं तर ते ह्याच खाचांमध्ये वाटून बसवावं लागतं. २५६० भागिले १९२० म्हणजे १.३३३, म्हणजे गेमच्या दर तीन पिक्सेलसाठी काचेवर चार जागा. तीन भाकऱ्या चार जणांत वाटायच्या म्हटल्यावर जे होतं तेच होतं, एकालाही अख्खी भाकरी मिळत नाही, सगळ्यांच्या ताटात तुकडे.

आकड्यातच बघा. साध्या बायलिनिअर पद्धतीने, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलचं अंतराच्या हिशोबाने मिश्रण करून वाटलं, तर चारपैकी पहिल्या खाचेत एका पिक्सेलचा ८७.५ टक्के भाग आणि शेजाऱ्याचा १२.५ टक्के, दुसऱ्या खाचेत ३७.५ आणि ६२.५, तिसरीत ६२.५ आणि ३७.५, चौथीत परत ८७.५ आणि १२.५. म्हणजे एकही खाच अशी नाही की जिच्यात गेमचा एक पिक्सेल जसाच्या तसा बसला. आणि खरी मेख पुढे आहे. समजा पांढऱ्यावर एक पिक्सेल जाडीची काळी रेघ आहे. ती तीनांतल्या मधल्या पिक्सेलवर आली तर काचेवर तिच्या दोन सारख्या राखाडी रेघा होतात, ६२.५ आणि ६२.५. तीच रेघ कडेच्या पिक्सेलवर आली तर एक बऱ्यापैकी काळी रेघ, तिच्या एका बाजूला फिकट सावली आणि दुसऱ्या बाजूला त्याहून फिकट. म्हणजे सगळ्या रेघा सारख्या धूसर झाल्या असत्या तर डोळा एक वेळ सरावला असता, पण इथे एक रेघ ठसठशीत, पुढची फिसकटलेली, त्याच्या पुढची परत ठसठशीत. डोळ्याला त्रास होतो तो ह्या असमानपणाचा.

हे बघायला गेम लागतच नाही, आपली देवनागरी सगळ्यात भारी टेस्ट आहे. भाच्याच्या कॉलेजची मराठीतली एक नोटीस पीडीएफ होती, ती १०८०पी डेस्कटॉपवर उघडली आणि नाक काचेला लावून शिरोरेखा बघितली. पहिल्या ओळीची शिरोरेखा बारीक आणि काळी, दुसऱ्या ओळीची जाडसर आणि करडी, तिसरी परत वेगळी, आणि स्क्रोल केलं की ओळी आपापसात सोंगं बदलतात, मघाशी काळी होती ती आता करडी. अनुस्वाराचा टिंब कुठे टिंब तर कुठे डाग. विंडोजचं क्लिअरटाइप तर ह्यात आणखी घोळ घालतं, कारण ते अक्षराची कड गुळगुळीत करायला पिक्सेलच्या आतले लाल, हिरवा, निळा हे तीन उपपिक्सेल वेगवेगळे वापरतं, आणि चित्र ताणलं की तो रंगांचा हिशोब काचेवरच्या खऱ्या उपपिक्सेलशी जुळतच नाही, मग अक्षरांच्या कडेला हलका लालसर-निळसर पदर दिसतो. भाच्याला आकडेमोडीत काडीचा रस नव्हता पण शिरोरेखा बघून पटलं.

अजून एक गोष्ट ह्यात मिसळलेली होती जी स्केलिंग कितीही चांगलं केलं तरी जात नाही. साडेएकवीस इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला साधारण १०२ पिक्सेल. तेच १०८०पी सत्तावीस इंचावर ताणलं की इंचाला ८१-८२ च. टेबल तेच, खुर्ची तीच, बसायचं अंतर तेच, मग चित्र भरड दिसणारच. "जुन्यावर ह्यापेक्षा भारी दिसायचं" हे पोरगं खोटं बोलत नव्हतं. नेटिव्ह, म्हणजे पॅनेलच्या मूळ, १४४०पी ला हाच मॉनिटर इंचाला जवळपास १०९ पिक्सेल देतो, म्हणजे जुन्यापेक्षा थोडा बारीकच.

मग भाच्याने कुठूनतरी वाचलेलं काढलं, की १४४०पी वर १०८०पी वाईट दिसतं पण ७२०पी चांगलं दिसतं, कारण बरोबर दुप्पट होतं. हिशोब बरोबर आहे, १२८० दुणे २५६०, ७२० दुणे १४४०, गेमचा एक पिक्सेल म्हणजे काचेवरचे चार, कुठेही तुकडे पडायचं कारण नाही. लावून बघितलं. १०८०पी पेक्षाही धुरकट. कारण स्केलर, म्हणजे चित्र ताणणारा भाग, काही गुणोत्तर बघून शहाणा होत नाही, बहुतेक मॉनिटरमधली चिप आणि कार्डाचं नेहमीचं स्केलिंग दोन्ही गुणोत्तर काहीही असो शेजारच्या पिक्सेलचं मिश्रण करतातच. बरोबर दुप्पट असतानाही चौकोन चौकोनासारखा ठेवायचा असेल तर त्याला इंटिजर स्केलिंग नावाचा वेगळा पर्याय लागतो. एनव्हीडियाने तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये ड्रायव्हरमध्ये दिला पण ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स १६ मालिका आणि आरटीएक्स २० पासून पुढे. १०६० हे त्याआधीच्या पास्कल पिढीचं, त्याच्या ड्रायव्हरमध्ये तो पर्याय दिसतच नाही, शोधत बसू नका. आणि खरं सांगू का, थ्रीडी गेम ७२०पी ला इंटिजरने दाखवला तर तो धुरकट नसतो पण दातेरी असतो, तारा, जाळ्या, झाडाची पानं सगळं पायऱ्या-पायऱ्यांचं. ते पिक्सेल आर्टच्या गेमला शोभतं, जीटीएला नाही.

आता दुसरी भानगड, रंग. १०८०पी केल्यावर काळा रंग करडा दिसत होता, रात्रीच्या सीनमध्ये सगळीकडे धुकं. हे ब्लरमुळे नाही. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला होता, आणि एचडीएमआयवर १९२० × १०८० हे टीव्हीचं रिझोल्युशन म्हणूनही यादीत असतं, ते निवडलं गेलं की कार्ड समोर टीव्ही आहे असं समजून रंग ० ते २५५ च्या ऐवजी १६ ते २३५ मध्ये पाठवतं. मॉनिटर मात्र पूर्ण रेंज धरून बसलेला, मग काळा म्हणून आलेला १६ तो सोळाच दाखवतो, म्हणजे करडा. कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्युशनच्याच पानावर खाली आउटपुट डायनॅमिक रेंज असते, ती 'लिमिटेड' होती, 'फुल' केली आणि धुकं उठलं. तिथेच वर यादीत टीव्हीची रिझोल्युशन वेगळी आणि पीसीची वेगळी अशी मांडलेली असतात, निवडताना ते बघायचं.

तिसरी भानगड ह्याचीच बहीण. त्याच टीव्हीवाल्या १०८०पी ला रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, ६० वर येऊन बसला होता, १६५ चा मॉनिटर घेऊन पोरगं ६० हर्ट्झवर खेळत होतं आणि म्हणत होतं की स्मूथ पण वाटत नाही. मॉनिटरच्या डब्यात डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीतसुद्धा फोडलेली नव्हती. ती लावली, विंडोजमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १६५ निवडलं. अनेक गेम फुलस्क्रीनमध्ये स्वतःचा रिफ्रेश रेट वेगळा धरतात, तिथेही तपासावं लागतं, नाहीतर डेस्कटॉप १६५ वर आणि गेम ६० वर.

एवढं झाल्यावर मुख्य प्रश्न उरला, फ्रेमचं काय करायचं. नेटिव्हवर सगळं सुंदर पण कार्ड झेपत नाही, खाली आणलं तर झेपतं पण धूर.

माझं मत इथे ठाम आहे: मॉनिटरला जाणारा सिग्नल कायम नेटिव्हच ठेवायचा, आणि कमी करायचंच असेल तर गेमच्या आतलं रेंडरिंग, म्हणजे चित्र तयार करायचे पिक्सेल, कमी करायचं. ऐकायला एकच वाटतं पण फरक मोठा आहे. रिझोल्युशन कमी केलं की नकाशा, गोळ्यांचा आकडा, नावं, सबटायटल, मेनू, सगळंच कमी पिक्सेलमध्ये काढलं जातं आणि मग सगळंच ताणलं जातं. रेंडर स्केल कमी केलं की फक्त थ्रीडी दृश्य कमी पिक्सेलमध्ये तयार होतं, गेम स्वतःच ते मोठं करतो, आणि त्याच्यावर अक्षरं-नकाशा नेटिव्हमध्ये छापतो.

जीटीए फाइव्हची २०१५ ची जी पीसी आवृत्ती आहे तिच्यात ह्याचा फार मस्त प्रयोग करता येतो. ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समध्ये फ्रेम स्केलिंग मोड म्हणून पर्याय आहे, त्यात अपूर्णांक असतात, त्यातला तीन चतुर्थांश निवडला. २५६० चे तीन चतुर्थांश १९२०, १४४० चे तीन चतुर्थांश १०८०. म्हणजे कार्डावर थ्रीडीचा भार जवळपास तेवढाच जेवढा १०८०पी ला होता, फ्रेमही तेवढ्याच आसपास. आधी रिझोल्युशन १०८०पी करून एका चौकात गाडी उभी करून मोबाईलने जवळून फोटो काढला, मग १४४०पी आणि तीन चतुर्थांश करून त्याच चौकात त्याच जागी दुसरा. दोन्ही फोटोंमध्ये इमारतींच्या खिडक्या जवळपास सारख्याच मऊ, इथे उगाच खोटं बोलणार नाही, त्या गेमचं आतलं स्केलिंगही साधंच आहे. पण कोपऱ्यातला नकाशा, त्यावरच्या रस्त्यांच्या कडा, मिशनची अक्षरं, हे दुसऱ्या फोटोत कोरीव. आणि पोराला दोन्हीतला कुठला बरा विचारलं तर क्षणात दुसऱ्यावर बोट. डोळा आधी अक्षरं बघतो, अक्षरं तीक्ष्ण असली की मागचं दृश्य थोडं मऊ असलेलं तो चालवून घेतो, दूरचं आहे, धुळीचं आहे, असं समजून. अक्षरंच फुटली की मग अख्खी स्क्रीन खराब.

काउंटर-स्ट्राइक टू ला सेटिंगमध्येच एफएसआर आहे, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र हुशारीने मोठं करायची पद्धत. एएमडी ह्या दुसऱ्या कार्ड कंपनीने काढलेलं असलं तरी एनव्हीडियाच्या कार्डावर चालतं, म्हणून १०६० वाल्यांसाठी हे वरदानच, कारण एनव्हीडियाची अशीच पद्धत, डीएलएसएस, फक्त आरटीएक्सला. एफएसआरच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, अल्ट्रा क्वालिटी म्हणजे प्रत्येक बाजू १.३ ने भागायची, क्वालिटी १.५, बॅलन्स्ड १.७, परफॉर्मन्स २. ह्या हिशोबाने १४४०पी वर क्वालिटी निवडलं की आत रेंडर होतं साधारण १७०६ × ९६०, म्हणजे १०८०पी पेक्षाही कमी पिक्सेल, आणि तरी ताणलेल्या १०८०पी पेक्षा चांगलं दिसतं कारण मोठं करताना ते कडा ओळखून करतं आणि वर धारही लावतं. भाच्याने क्वालिटीवर ठेवलं. बॅलन्स्डला लांबच्या माणसाचं डोकं भिंतीत मिसळायला लागतं आणि ह्या गेममध्ये ते परवडत नाही.

इथे एक वेगळी जमात पण आहे, काउंटर-स्ट्राइक मुद्दाम १२८० × ९६० ला ४:३ मध्ये ताणून खेळणारी. त्यांना समोरचा माणूस रुंद दिसतो, सवय असते, फ्रेम जास्त मिळतात, चित्र धुरकट आहे ह्याची त्यांना फिकीर नसते. भाच्याच्या ग्रुपमध्ये असा एक आहे आणि त्याला काहीही सांगायला जाऊ नये.

सायबरपंक २०७७ मध्ये एफएसआरची पुढची, टेम्पोरल आवृत्ती आहे, म्हणजे एका फ्रेमवर भागत नाही, मागच्या फ्रेममधली माहिती आणि वस्तू कुठे सरकली हे बघून चित्र पुरं करते. उभं राहून बघितलं तर नेटिव्हच्या फार जवळ जातं. पळताना मात्र बारीक वस्तूंच्या मागे हलकी शेपूट दिसते. १०६० वर बॅलन्स्ड आणि बाकी सेटिंग लो-मीडियम, गेम खेळण्यासारखा होतो पण साठ फ्रेम विसरा. व्हॅलोरंट हलकाच आहे, तो सरळ १४४०पी नेटिव्हवर, विषय नाही.

राहिले ते गेम ज्यांच्यात रेंडर स्केल पण नाही आणि एफएसआर पण नाही. त्यांच्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये थ्रीडी सेटिंगच्या पानावर इमेज स्केलिंग चालू केलं. हे नव्या रूपात नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं आणि पास्कललाही चालतं, अगदी ९०० मालिकेच्या मॅक्सवेललासुद्धा. चालू केलं की गेमच्या यादीत नवी रिझोल्युशन दिसायला लागतात, नेटिव्हच्या ८५, ७७, ६७, ५९ आणि ५० टक्क्यांची, त्यातलं एक गेममध्ये फुलस्क्रीनला निवडायचं आणि कार्ड त्याला धार लावून १४४०पी करून पाठवतं. १४४०पी साठी ७७ टक्के म्हणजे १९७० × ११०८ च्या आसपास, १०८०पी च्या सख्ख्या शेजारचं. चालू आहे का नाही हे कळायला डावीकडे वरच्या कोपऱ्यात खूण दाखवायचा पर्याय आहे, हिरवी दिसली म्हणजे स्केलिंग होतंय, निळी म्हणजे नुसती धार लागतेय. धारेचा स्लायडर पन्नासवर असतो, मला तो फार वाटतो, विजेच्या तारांना पांढरी कड चढते, पंचवीस-तीसवर आणला. ह्याची मर्यादा सरळ आहे, ह्यात अक्षरंही ताणली जातात, त्यामुळे आतल्या एफएसआरच्या मागे, आणि मॉनिटरने ताणण्याच्या बरंच पुढे.

बॉर्डरलेस विंडोमध्ये, म्हणजे कड नसलेल्या खिडकीत पूर्ण स्क्रीनभर, गेम चालवत असाल तर अनेक गेममध्ये रिझोल्युशनचा पर्याय करडा होतो, कारण गेम डेस्कटॉपचंच रिझोल्युशन धरतो. भाच्याने मुळात डेस्कटॉप १०८०पी करून ठेवण्यामागे हेही एक कारण होतं, एका गेममध्ये पर्याय दबेना म्हणून बाहेरूनच कमी केलं. फुलस्क्रीन करा, पर्याय उघडतो.

मधेच माझी एक हौस भागवून घेतली. एज ऑफ एम्पायर्स टू, १९९९ चा मूळ, कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळलेला. तो ८०० × ६००, १०२४ × ७६८ आणि १२८० × १०२४ अशा ठराविक रिझोल्युशनमध्येच चालतो आणि त्याची चित्रं आधीच तयार करून ठेवलेली, मोजक्या पिक्सेलची, त्यामुळे मिश्रण केलं की गावकऱ्याच्या तोंडाचा लगदा होतो. इथे मात्र इंटिजर स्केलिंगच हवं. १०२४ × ७६८ ची दुप्पट १५३६ उंच होते, १४४० मध्ये मावत नाही. ८०० × ६०० ची दुप्पट १६०० × १२००, आरामात मावते, बाजूला काळं राहतं. ड्रायव्हर देत नाही म्हणून स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं विकतचं ॲप आहे, त्यात इंटिजरचा पर्याय आहे, गेम विंडोमध्ये चालवून त्याने मोठा करायचा. भाच्याने बघितलं आणि विचारलं, "मामा हे खरंच खेळायचे तुम्ही?" दाजी मात्र खुर्ची ओढून बसले.

डेस्कटॉपच्या बारीक अक्षरांवर उपाय तर सगळ्यात सोपा होता. रिझोल्युशन २५६० × १४४० च, विंडोजचं डिस्प्ले स्केल १२५ टक्के. अक्षरं मोठी होतात पण मोठी काढली जातात, ताणली जात नाहीत, त्यामुळे शिरोरेखा सगळ्या ओळींना सारखी. क्लिअरटाइपची ट्यूनिंग एकदा नव्याने करून घेतली. काही जुनी सॉफ्टवेअर १२५ टक्क्यांना धूसर दिसतात, त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआयचं सेटिंग बदललं की बहुतेक सुधारतात. त्याच्या कॉलेजचं एक सॉफ्टवेअर नाही सुधारलं, ते तसंच आहे.

दुकानदार कार्ड बदला म्हणाला त्यात पूर्ण खोटं काही नव्हतं. गंगापूर रोडला भाच्याच्या एका मित्राकडे असाच मॉनिटर आणि आरटीएक्स ३०६० आहे, तो बहुतेक गेम नेटिव्हवर किंवा डीएलएसएस क्वालिटीवर ठेवतो आणि त्याला ह्यातली एकही गोष्ट माहीत नाही, गरजच पडली नाही. आणि मला आधी विचारलं असतं तर १०६० साठी मी चोवीस इंची १०८०पी, १४४ हर्ट्झच सुचवला असता, पैसे वाचले असते आणि कटकट पण. पण आलेला मॉनिटर परत करून उलटं जायला मी सांगितलं नाही, कारण मॉनिटर सात-आठ वर्षं टिकतो, कार्ड त्याच्या आधी बदलणारच आहे, आणि तोपर्यंत कोडिंग, पीडीएफ, सिनेमा ह्या सगळ्याला १४४०पी रोज कामी येतो, ह्यात जीपीयूचं काहीच जात नाही.

मॉनिटर राहिला. जीटीए तीन चतुर्थांशवर, काउंटर-स्ट्राइक एफएसआर क्वालिटीवर, डिस्प्लेपोर्ट, १६५, फुल रेंज. दाजींनी दुकानात फोन करून परत करत नाही म्हणून कळवलं आणि मग मला विचारलं की नवीन कार्ड कितीला पडेल. मी म्हटलं आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, किती वॉटचा आहे ते खोलून बघू, कारण १०६० ला एक सहा पिनचा कनेक्टर पुरतो आणि हल्लीच्या कार्डांना बहुतेक वेळा आठ पिनचा लागतो, त्याचा जुना एसएमपीएस तो देतो का हे डबा उघडल्याशिवाय कळणार नाही.